आधी माल हातात द्या, मग प्रतवारी विचारा

ताई,

मी नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या एका संलग्न महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर आहे, हे चौथं वर्ष. एस. वाय. बी. ए.च्या वर्गात ६२ मुलंमुली आहेत. पेपरच्या १०० गुणांपैकी ७० विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे आणि ३० अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे आमच्या हातातले. दर सत्रात तेच होतं. गाईडमधून नाहीतर मोबाइलवरून उतरवलेल्या असाइनमेंटचा गठ्ठा येतो, मी पानोपानी बरोबरच्या खुणा करते आणि प्रत्येकाच्या नावापुढे २४, २५, २६ असं काहीतरी लिहिते. मुलं त्यातून काही शिकत नाहीत आणि मलाही त्यांच्याबद्दल काही कळत नाही.

या वर्षी जुलैत मी धाडस केलं. वर्गात विचारलं, ‘तुमच्या कामाचं मूल्यमापन कसं व्हावं, ते तुम्हीच सांगा.’ बराच वेळ कोणी तोंड उघडलं नाही. मग एक जण म्हणाला, ‘मॅडम, एमसीक्यू घ्या.’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सगळ्यांना पंचवीस देऊन टाका ना.’ वर्ग हसला. तास संपल्यावर एक मुलगी थांबली आणि हळूच म्हणाली, ‘मॅडम, आम्हाला काय कळतंय त्यातलं, तुम्हीच ठरवा.’ हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं, तर विभागप्रमुख म्हणाले, ‘उद्या पेपरही त्यांनाच काढायला सांगाल.’ पुढच्या वर्षी मला ऑर्डर मिळेल की नाही, हेही त्यांच्याच शब्दावर आहे. माझं चुकलं का? हे सोडून देऊ का? आणि नसेल सोडायचं, तर सुरुवात कुठून करू?

— एक सहायक प्राध्यापिका

प्रिय मॅडम,

सोडू नका. तुमच्या तिन्ही प्रश्नांचं माझं उत्तर हेच आहे. पण त्या तासाला जे घडलं ते आधी नीट उलगडून बघू. तुम्हाला तो फसल्यासारखा वाटतो आणि मला तो बराच काही सांगून गेलेला तास वाटतो.

मागच्या बाकावरच्या त्या मुलापासून सुरुवात करते. ‘सगळ्यांना पंचवीस देऊन टाका’ ही टवाळी आहे, असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं, वर्गात तेवढा एकच जण खरं बोलला. तुम्ही स्वतःच लिहिलंय की सगळ्यांच्या नावापुढे २४, २५, २६ पडतात. एफ. वाय.ची दोन सत्रं त्याने हेच पाहिलंय. रात्र जागून लिहिलं तरी पंचवीस आणि सकाळी एसटीत बसून मित्राचं उतरवलं तरी चोवीस. मग लिहिण्याचा देखावा कशाला, असं त्याचं म्हणणं. चालू पद्धत त्याने एका वाक्यात मांडली. पुन्हा वर्गात गेलात की सगळ्यांसमोर त्याला सांगा, ‘तू म्हणालास त्यात तथ्य आहे.’ या पोराला आपल्या बाजूला घ्या, पुढे तोच तुमच्या उपयोगी पडेल.

एमसीक्यू मागणाराही आळशी नाही. वर्गातली निम्मी मुलं मनातून स्पर्धा परीक्षेची तयारी करत असतात आणि तिथे वर्षानुवर्षं बहुपर्यायी प्रश्नच पाहत आली आहेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये ठरवलं, त्यानंतर पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि नवी पद्धत २०२५ पर्यंत पुढे ढकलली गेली. त्या मुलांची मागणी बरोबर होती की नव्हती, यावर मी इथे बोलत नाही. मला एवढंच दिसतं की ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांच्याशी परीक्षेच्या स्वरूपाबद्दल आधी कुणी बसून बोलत नाही, आणि मग ते बोलणं चौकात होतं. तुम्ही ते वर्गात आणायला निघाला आहात.

आता त्या मुलीचं ‘आम्हाला काय कळतंय’. तुमची वाट चुकली ती इथे, आणि सावरता येईल तीही इथेच.

तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी कांदा असणार. त्यांना विचारून बघा, चांगला कांदा कोणता? एकालाही विचार करायला वेळ लागणार नाही. लहान गोल्टी कुठली, त्याहून बारीक चिंगळी कुठली, जोड कांदा बाजूला का काढायचा, पत्ती सुटलेला माल किती दिवस टिकतो, डेंगळ्याचा, म्हणजे फुलाचा दांडा आलेला, कांदा साठवणीच्या चाळीत का भरायचा नाही, हे सगळं त्यांच्या बोटांना माहीत असतं. कुणी त्यांना प्रतवारीचा तक्ता दिलेला नसतो. चाळीसमोर आईशेजारी बसून हजारो कांदे हातातून गेले, दोन-चारदा ‘अगं, हा कशाला टाकला यात?’ असं ऐकून घेतलं, आणि नजर तयार झाली.

असाइनमेंटच्या बाबतीत या मुलांच्या हातातून काय गेलंय? फक्त स्वतःची वही. दुसऱ्याचं लिखाण त्यांनी उतरवून घेण्यापुरतं पाहिलंय, पारखण्यासाठी कधीच नाही. वीस वह्या शेजारी शेजारी ठेवून यातली सरस कोणती, हा प्रश्न आजवर फक्त आपल्यालाच पडत आला. आणि तुम्ही एकदम विचारलंत, मूल्यमापन कसं व्हावं? ज्याने कांदा कधी हातात धरला नाही त्याला लिलावात उभं करण्यासारखंच झालं ते. तो गप्प बसेल, नाहीतर शेजारचा म्हणतो तो भाव सांगेल.

म्हणून पहिल्या तासाला काही विचारूच नका. असाइनमेंटचे तीन नमुने घेऊन जा.

मी एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली एकोणीस तुमच्याच जिल्ह्यात. निकषांचा टाइप केलेला तक्ता मीही वर्गात वाटला आहे. आशय १०, मांडणी ५, संदर्भ ५, असा. मुलांनी तो वहीत घडी करून ठेवला आणि असाइनमेंट पूर्वीसारखीच आली. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठातल्या क्रिस रस्ट, मार्गारेट प्राइस आणि बेरी ओडोनोव्हन या प्राध्यापकांचं काम पुढे वाचनात आलं, तेव्हा माझं काय राहून गेलं ते कळलं. त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना खऱ्या असाइनमेंटच्या आधी दोन नमुने तपासायला दिले, गटात बसून गुणांवर भांडू दिलं आणि मग शिक्षकांनी ते कसे तपासले ते उलगडून सांगितलं. ही गटात बसायची कार्यशाळा जेमतेम दीड तासाची. त्या कार्यशाळेला बसलेल्या मुलांचं पुढचं लिखाण न बसलेल्यांपेक्षा सरस ठरलं, आणि वर्षभराने पाहिलं तरी फरक टिकून होता. २००३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीड तास म्हणजे आपल्या ४८ मिनिटांच्या दोन तासिका. एवढं आपल्यालाही परवडतं.

नमुन्यांसाठी जुन्या मुलांच्या वह्या वापरू नका. नाव झाकलं तरी गावातली मुलं अक्षर ओळखतात, आणि मग कुणाच्या तरी थोरल्या बहिणीची वही सगळ्या वर्गात गाजते. स्वतः लिहा. विषय घ्या, ‘लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव कशाने पडतो?’ पहिला नमुना चार पानांचा, सुवाच्य, मथळ्यांखाली रेघा, मागणी आणि पुरवठ्याच्या व्याख्या गाईडमधल्या, आणि अख्ख्या चार पानांत लासलगावचं नाव एकदाच, तेही शीर्षकात. दुसरा दीड पानाचा, खाडाखोड केलेला. पण त्यात आजोबांच्या तीन हिशोबपट्ट्या आहेत, हमाली आणि तोलाई किती कापली ते आहे, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली त्याच्या आधीचा आणि नंतरचा भाव आहे, आणि शेवटी ‘मग व्यापाऱ्यालाही तोटा झाला का, ते मला कळलं नाही’ असं एक प्रामाणिक वाक्य आहे. तिसरा मोबाइलकडून लिहून घेतल्यासारखा. भाषा गुळगुळीत, मुद्दे एकाखाली एक, कुठे अडखळणं नाही. फक्त मधे कुठेतरी उन्हाळ कांदा पावसाळ्यात काढतात, असं विधान पेरून ठेवा.

चौघाचौघांचे गट करा आणि एवढंच सांगा: तिन्ही वाचा, पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक लावा आणि का लावला ते एका ओळीत लिहा. गुण विचारू नका. गुण म्हटलं की मुलं तुमच्या मनात काय आहे त्याचा अंदाज बांधायला लागतात.

माझ्या वर्गात पहिल्यांदा जवळजवळ सगळ्या गटांनी चार पानांच्या सुंदर अक्षराला पहिला क्रमांक दिला. मी काही बोलले नाही. एवढंच विचारलं, ‘उद्या तुमच्या वडिलांना माल कधी विकावा हे ठरवायचंय. ते या तिघांपैकी कुणाला विचारतील?’ वर्गात कुजबुज सुरू झाली. मग एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘पहिल्याला विचारून काय उपयोग, त्यात भावच नाही एकही.’ तिसऱ्या नमुन्यातल्या पावसाळी कांद्यावर तर हशाच झाला. पण हसता हसता एक मुलगी पटकन म्हणून गेली, ‘म्हणजे याने बघितलेलंच नाही.’ मी फळ्याकडे वळले आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले: ‘स्वतः बघितलंय का?’ तो आमचा पहिला निकष. पाठोपाठ आले, ‘आकडा कुठून आणला?’, ‘दुसरी बाजू सांगितली का?’, ‘वाचणाऱ्याला कळतं का?’ हे निकष मी सुचवले नव्हते, आणि माझ्या टाइप केलेल्या तक्त्यातल्या शब्दांपेक्षा ते मला आजही जास्त नेमके वाटतात. ‘संदर्भ ५’ वाचून मुलगा गाईडचं नाव लिहितो. ‘आकडा कुठून आणला?’ वाचून तो बाजार समितीच्या फलकाचा फोटो काढून आणतो.

मुलांचे शब्द प्रमाण भाषेत ओढू नका. चारवर निकष जाऊ देऊ नका. आपल्याला बारा रकान्यांचे तक्ते करायची सवय लागली आहे, पण एकेक रकाना वेगळा मोजायला गेलं की पारख बिघडते. नॅन्सी फाल्चिकॉव्ह आणि ज्यूडी गोल्डफिंच यांनी २००० साली अठ्ठेचाळीस अभ्यास एकत्र करून, विद्यार्थ्यांनी एकमेकांना दिलेले गुण शिक्षकांच्या गुणांशी ताडून पाहिले होते. निकष नीट समजलेले असताना संपूर्ण कामाकडे पाहून दिलेले गुण शिक्षकांच्या जास्त जवळ आले. कामाचे तुकडे करून मोजलं तिथे अंतर वाढलं. आणि मुलांना निकष ओळखीचे, आपले वाटत होते तिथे त्यांचा निवाडा जास्त भरवशाचा ठरला.

यावरून तुम्ही म्हणाल, मग गुणही मुलांनाच देऊ द्या की. इथे मात्र थांबा. माझी एक चूक सांगते, कारण ती एका मुलीला भोवली.

निकषांचा प्रयोग जमला म्हणून पुढच्या सत्रात मी उत्साहाच्या भरात गटप्रकल्पातल्या प्रत्येकाच्या वाट्याचे गुण गटालाच ठरवू दिले. चार मुलगे आणि एक मुलगी असा एक गट होता. मुलांनी तिला सगळ्यांत कमी दिले. कारण लिहिलं, ‘मीटिंगला थांबत नाही.’ तिच्या गावाची शेवटची एसटी साडेचारला होती. मीटिंग पाचला, कट्ट्यावर. आकडे तिने गोळा केले होते, तक्ते तिने केले होते, पण जिथे श्रेय वाटलं गेलं तिथे ती नव्हतीच. ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली नाही. गुण लागल्यावर वर्षभर माझ्या तासाला मागे बसायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपल्या वर्गात कोण कुणाशेजारी बसतं, कोण कुणाच्या डब्यात हात घालतं, कोणत्या वस्तीतलं पोर कुणाच्या गटात घेतलं जात नाही, हे आपण पाहतो आणि त्यावर बोलत नाही. गुणवाटप मुलांवर सोपवलं की हे सगळं गुणपत्रिकेत उतरतं. तेव्हापासून माझं ठरलंय: मोजमाप मुलांबरोबर बसून ठरवायचं आणि गुण मी द्यायचे. मुलांनी एकमेकांचं काम वाचावं, त्यावर लिहावं, भरपूर बोलावं. आकडा मात्र माझ्या सहीने पडेल आणि त्याची जबाबदारीही माझीच.

हे पहिल्याच दिवशी वर्गाला स्पष्ट सांगा. ७० गुणांच्या पेपरला आपण हात लावू शकत नाही, अभ्यासक्रमाला नाही, परीक्षा विभागाला गुण कळवायच्या तारखेलाही नाही. जे आपल्या हातात नाही ते आधी सांगितलं की उरलेल्यावर मुलांचा विश्वास बसतो. ‘काहीही सांगा’ म्हणून विचारायचं आणि नंतर ‘ते नियमात बसत नाही’ म्हणायचं, असं एकदा झालं की पुढच्या वेळी कुणी हात वर करत नाही. वर्षाअखेरच्या अभिप्राय फॉर्मचं हेच झालंय. चौकोनांत खुणा करून घेतल्या जातात, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला जोडल्या जातात, आणि आपण लिहिलेल्याचं पुढे काय झालं ते मुलांना कधी कळत नाही.

मग ठरवायला उरतं काय? पुष्कळ उरतं. कामाचं स्वरूप काय असावं, कोणत्या निकषाला किती वजन, एकट्याने करायचं की दोघांनी, पहिलं लिखाण परत घेऊन सुधारायची संधी असावी का, आणि तारीख. तारखेला कमी लेखू नका. मी वर्षानुवर्षं दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा सबमिशनला ठेवत आले. पहिल्यांदा मुलांना विचारलं तेव्हा कळलं की सोयाबीन आणि मक्याची सोंगणी तेव्हाच असते. निम्मा वर्ग शेतात, उरलेल्यांतले काही मजुरीला. मी ज्यांना कामचुकार समजून दोन-दोन गुण कापत आले होते ती मुलं त्या आठवड्यात रोज आठ तास राबत होती. तारीख दहा दिवस अलीकडे आणली आणि उशिरा येणाऱ्या वह्या जवळजवळ थांबल्या.

उतरवण्याबद्दलही मुलांनाच विचारा. झेरॉक्सच्या दुकानात तयार असाइनमेंट मिळते, हे आपल्याला कळायच्या खूप आधी त्यांना माहीत असतं. मोबाइलला प्रश्न घातला की पाच मिनिटांत चार पानं येतात, हेही. ‘कॉपी करू नका’ असं बजावण्याऐवजी विचारा, ‘उतरवून चालणारच नाही असं काम कोणतं?’ माझ्या मुलांनी सुचवलं होतं: प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा गल्लीतल्या एका व्यवहाराचा हिशोब आणायचा आणि त्याबद्दल तोंडी दोन प्रश्नांना उत्तर द्यायचं. कुणी दुधाच्या डेअरीचं फॅटचं गणित आणलं, कुणी आईच्या बचत गटाच्या व्याजाचं, एकाने टोमॅटोच्या क्रेटचं, शेतापासून पिंपळगावच्या बाजारापर्यंत. २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्यावरची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, हे मी शिकवलं होतं. त्या टोमॅटोवाल्या मुलाने त्याच्या हिशोबात प्रत्यक्षात काय-काय कापलं जातं ते मांडलं, आणि त्या दिवशी मीच वहीत लिहून घेत होते.

तोंडी प्रश्नांना वेळ लागतो, ते आधीच मोजून ठेवा. ६२ मुलांना तीन-तीन मिनिटं म्हणजे १८६ मिनिटं, अठ्ठेचाळीस मिनिटांचे चार तास. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात. तुमच्या न मोजलेल्या तासांचा मोबदला कुणी देणार नाही आणि तो असाच सोडून द्यावा, असं मी म्हणणार नाही. चार तास वेळापत्रकातच बसवा. तेवढ्यासाठी एखादं प्रकरण थोडक्यात आटपावं लागलं तरी चालेल. जी मुलं वाट पाहत असतील त्यांनी त्या वेळात एकमेकांचं लिखाण त्याच चार निकषांवर वाचावं.

भाषेचा प्रश्नही येईल, नक्की येईल. मुलं म्हणतील, शुद्धलेखनाचे गुण कापू नका. माझ्या वर्गात यावर पुरा एक तास गेला. मी आधी नाही म्हणाले. मग एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला आमचं अर्थशास्त्र बघायचंय की वेलांटी?’ शेवटी ठरलं की वाक्याचा अर्थ लागत नसेल तर गुण जातील, ऱ्हस्व-दीर्घासाठी जाणार नाहीत. अर्थशास्त्रापुरतं तरी त्यांचं बरोबर होतं, असं मी आजही म्हणेन. मराठीचा पेपर असता तर मी मागे हटले नसते.

उलट बाजूही सांगते. मुलं सवलतीच मागतील अशी तुमच्या विभागप्रमुखांना भीती आहे. मला अनुभव वेगळा आला. निकष स्वतः ठरवले की मुलं आपल्यापेक्षा कडक होतात. ‘आकडा खोटा निघाला तर शून्य,’ असा ठराव माझ्या वर्गाने केला होता. मलाच तो सौम्य करावा लागला, कारण चुकून घेतलेला आकडा आणि रचलेला आकडा यांतला फरक त्यांच्या संतापात हरवला होता.

आणि कडक असो की सैल, ठराव कोण करतंय ते बघा. बोलणारी सहा मुलं म्हणजे वर्ग नाही. हात वर करून मतदान घेतलंत तर पहिल्या दोन बाकांचं राज्य येईल. चिठ्ठ्या घ्या, नावाशिवाय. गट तुम्ही पाडा, मैत्रीवर सोडू नका. गटातलं म्हणणं कोण मांडणार तेही आळीपाळीने ठरवा, म्हणजे कधी बोलत नाहीत त्यांची पाळी येतेच. चर्चा नेहमी तासाच्या वेळेत करा, तासानंतर कधीच नाही. का, ते मघाशी सांगितलंच. आणि ‘आम्हाला काय कळतंय’ म्हणणाऱ्या मुलीला एकटीला बोलावून समजूत घालू नका. नमुने वाटाल त्या दिवशी तिच्या गटाजवळ जरा जास्त वेळ उभ्या राहा. बघा ती कोणत्या नमुन्यावर बोट ठेवते.

आता विभागप्रमुख. तुमच्या जागेवर असताना स्टाफरूममधल्या गप्पांत हा विषय पुन्हा काढू नका. एका पानाचं निवेदन द्या. पहिल्या ओळीत लिहा की पेपर काढणं आणि गुण देणं पूर्णपणे शिक्षकाकडेच राहील. त्यांची शंका तिथेच मिटायला हवी. दुसऱ्या ओळीत राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चा आधार द्या. उच्च शिक्षण संस्थांनी निकषांवर आधारलेल्या श्रेणीपद्धतीकडे आणि एकाच मोठ्या परीक्षेऐवजी सतत चालणाऱ्या, सर्वंकष मूल्यमापनाकडे वळावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तुम्ही मनाने काही काढलेलं नाही, धोरणातलंच वर्गात उतरवताय, हे कागदावर दिसू द्या. तिसऱ्या ओळीत व्याप्ती: एक वर्ग, एक पेपर, ३० पैकी १० गुण. उरलेले २० या सत्रात जुन्याच पद्धतीने. विभागाच्या बैठकीत हे ठेवा आणि इतिवृत्तात नोंद होईल असं पाहा. नोंद झाली की उद्या कुणी विद्यार्थी किंवा पालक तक्रार घेऊन आला तरी तुम्ही एकट्या पडणार नाही.

त्यांनी तरीही हात झटकले, तर एक गोष्ट शांतपणे सांगून बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला की परीक्षार्थीला माहितीच्या अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. म्हणजे मुलगा समोर वही ठेवून ‘इथे गुण का गेले?’ असं विचारू शकतो, आणि हल्ली विचारतो. ज्या शिक्षकाने सत्राच्या सुरुवातीला मुलांबरोबर बसून निकष ठरवले, फळ्यावरच्या यादीचा फोटो काढून ठेवला आणि त्यावर वर्गाच्या सह्या घेतल्या, त्याच्याजवळ उत्तर असतं. विभागप्रमुख म्हणून त्यांच्याही कामाची गोष्ट आहे ही. आणि एवढं करूनही ते ‘नाही’ म्हणाले, तर या सत्रात गुणांना हात न लावता नुसते तीन नमुने वर्गात घेऊन जा. शिकवताना काय वाचायला द्यायचं यासाठी तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. तुमची नोकरी धोक्यात घालून हे करा, असं मी सांगणार नाही.

पहिल्या सत्रात सगळं जमणार नाही. निकष ठरवूनही दहा-बारा वह्या गाईडमधल्याच येतील. त्या परत द्या, चार प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही त्यावर गोल करा, आणि आठवड्याने पुन्हा घ्या. या दहा गुणांची यादी लावाल तेव्हा त्यात २४-२५-२६ सारखी रांग दिसणार नाही, दोन दिसेल आणि नऊही दिसेल. दोनवाला विचारायला येईल. त्याच्यासाठी वेळ काढून ठेवा, कारण त्याची ती तीन मिनिटं सगळ्यांत मोलाची आहेत. मागच्या बाकावरचा तो पंचवीसवाला बहुधा त्याच्याआधी येईल.

सोबत मी माझे तीन नमुने पाठवतेय, हाताने लिहिलेले आहेत तसेच. तुमच्या भागातल्या चालू हंगामाचे भाव घालून ते नव्याने लिहून काढा, माझे आकडे आता जुने झालेत. तिसरा नमुना सगळ्यांत शेवटी वाटा आणि पावसाळी कांद्याबद्दल स्वतः एक अक्षर बोलू नका.

तुमची,
ताई